प्रवेश घेण्याआधी पहिले वर्ष पाहा

बारावीचे निकाल लागले आणि प्रवेशपरीक्षांच्या गुणवत्ता याद्या झळकू लागल्या, की बंगळूरुच्या मॅजेस्टिक परिसरातील लॉजमध्ये मराठी कानी पडू लागते. सोलापूर, लातूर, सांगली, कोल्हापूरहून आलेले पालक आणि त्यांची मुले कागदपत्रांची फाईल सांभाळीत दोन-तीन दिवसांत चार-पाच महाविद्यालये पाहतात. प्रशस्त प्रवेशद्वार, वातानुकूलित सभागृह, भिंतीवर लावलेली नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांची छायाचित्रे हे सारे पाहून होते आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी कुटुंबाच्या पुढील कित्येक वर्षांच्या मिळकतीचा निर्णय झालेला असतो. बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात मोजतो, त्याला चालवून पाहतो. मुलासाठी महाविद्यालय घेताना तेवढीही चौकशी होत नाही, ही विचार करायला लावणारी गोष्ट आहे.

पर्यायांचा तुटवडा हे याचे कारण नव्हे. अखिल भारतीय उच्चशिक्षण सर्वेक्षणाच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार बंगळूरु शहर जिल्ह्यात १,१०६ महाविद्यालये आहेत. देशातील कोणत्याही जिल्ह्यात इतकी नाहीत. दुसऱ्या क्रमांकावरील जयपूरमध्ये ७०३, तर पुणे जिल्ह्यात ४७५ आहेत. १८ ते २३ या वयोगटातील दर लाख लोकसंख्येमागे कर्नाटकात ६६ महाविद्यालये आहेत, देशाची सरासरी ३० आहे. एवढ्या गर्दीत निवड करायची तर कसोटी हवी. सध्या प्रचलित असलेली कसोटी एकच आहे: शेवटी पगार किती मिळेल? म्हणजे चार वर्षांनंतर काय होईल हे विचारले जाते, आणि पहिल्या चार महिन्यांत काय होईल हे विचारले जात नाही. वस्तुतः बहुतेक विद्यार्थ्यांचे घडणे वा बिघडणे पहिल्याच वर्षात ठरते. म्हणून महाविद्यालयाची निवडही त्याच्या पहिल्या वर्षावरून करावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

थोडे इतिहासात डोकावले तर आजच्या स्थितीचे वेगळेपण ध्यानात येते. १८८१ मध्ये बंगळूरुच्या सेंट्रल कॉलेजातून पदवी घेतलेला, शिकवण्या करून शिकलेला एक तरुण म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन अभियांत्रिकीसाठी पुण्याला गेला. १८८३ मध्ये त्याने तेथील परीक्षेत पहिला क्रमांक मिळवला आणि पुढच्याच वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात तो रुजू झाला. ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढे म्हैसूरचे दिवाण असताना १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि १९१७ मध्ये बंगळूरुचे अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, ते आपल्या मुलांना पुण्या-मद्रासला जावे लागू नये याही हेतूने. कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांनीही पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिक्षण घेतले आणि पुढे सोलापूरच्या डी. ए. व्ही. महाविद्यालयात कन्नडचे अध्यापन केले. म्हणजे या दोन प्रांतांतील विद्यार्थ्यांची ये-जा जुनी आहे. तेव्हा ती शिष्यवृत्तीच्या आणि गुणांच्या बळावर होत असे. आज ती मुख्यत्वे कुटुंबाच्या पैशावर होते, आणि तिचा ओघ उलटला आहे.

हा बदल आपोआप झालेला नाही. सरकारांनी उच्चशिक्षणावरील खर्चाचा भार खासगी संस्थांवर सोपवला, कर्नाटकाने आधी आणि महाराष्ट्राने १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देऊन. देणग्या बोकाळल्या तेव्हा कर्नाटकाने १९८४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन शुल्काला बंदी घालणारे कायदे केले. तथापि परप्रांतीय विद्यार्थ्यासाठी वेगळा दर ठेवण्याची वाट खुद्द सरकारनेच मोकळी केली. कर्नाटक सरकारच्या जून १९८९ च्या अधिसूचनेनुसार खासगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी जागेचे वार्षिक शुल्क २,००० रुपये, कर्नाटकातील इतर विद्यार्थ्यांसाठी कमाल २५,००० रुपये आणि राज्याबाहेरील विद्यार्थ्यांसाठी कमाल ६०,००० रुपये होते. मीरतच्या एका विद्यार्थिनीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९९२ मध्ये ‘मोहिनी जैन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे बाहेरच्यांचे शुल्क म्हणजे कॅपिटेशनच होय, असा निर्वाळा दिला. पुढच्या वर्षी ‘उन्नीकृष्णन’ खटल्यात मोफत आणि सशुल्क जागांची योजना आली, २००२ मध्ये अकरा न्यायाधीशांच्या पीठाने ‘टी. एम. ए. पै’ खटल्यात ती मोडीत काढली, आणि २००५ मध्ये पुण्याच्या ‘इनामदार’ खटल्यात न्यायालयाने विनाअनुदानित संस्थांवर सरकारी कोटा लादता येणार नाही, पण नफेखोरी व कॅपिटेशनही चालणार नाही, असे सांगितले.

या साऱ्या निवाड्यांतून निघालेली आजची व्यवस्था पालकांनी समजून घेतलीच पाहिजे. कर्नाटकातील खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांत साधारणतः ४५ टक्के जागा राज्याच्या परीक्षा प्राधिकरणामार्फत भरल्या जातात, ३० टक्के कॉमेडके या खासगी संस्थांच्या सामायिक परीक्षेतून, आणि उरलेल्या २५ टक्के व्यवस्थापन व अनिवासी भारतीय कोट्यातून. पहिल्या गटासाठी कर्नाटकातील वास्तव्याच्या व शिक्षणाच्या अटी असतात. बेळगाव, निपाणी, खानापूरचा मराठी विद्यार्थी त्या पुऱ्या करू शकतो. सांगली-सोलापूरचा बहुधा नाही. त्याच्यासाठी गुणवत्तेचा मार्ग म्हणजे कॉमेडके, आणि तो चुकला की व्यवस्थापन कोटा. एकाच वर्गात, एकाच बाकावर, एकाच शिक्षकापुढे बसलेल्या तीन विद्यार्थ्यांनी तीन वेगवेगळी शुल्के भरलेली असतात. उलट दिशेने पाहता, सीमाभागातील ८६५ गावांच्या मराठी विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशप्रक्रियेतही तरतूद आहे. बेळगावकडच्या पालकांनी दोन्ही दारे ठोठावून पाहावीत.

तिसऱ्या गटाच्या आसपास दलाल वावरतो. तो स्वतःला ‘सल्लागार’ म्हणवतो. त्याचे भांडवल म्हणजे पालकांची घाई. सरकारी फेऱ्या महिनोन्‌महिने लांबतात, आणि त्याआधीच ‘आज अनामत भरली नाही तर जागा गेली’ असा निरोप येतो. २०२४ च्या अखेरीस कर्नाटकातील अभियांत्रिकी प्रवेशांत जागा अडवून ठेवण्याचा प्रकार उघडकीस आला आणि बंगळूरु पोलिसांनी काही जणांना अटकही केली. इच्छा नसलेल्या उमेदवारांच्या नावे जागा धरायची आणि शेवटी ती रिकामी करून विकायची, अशी ही रीत. दलालाला दिलेल्या पैशाची पावती मिळत नाही, आणि पावतीवाचून कोणतेही प्रशासन दाद देऊ शकत नाही. जिथे पावती नाही तिथे पैसा नाही, एवढा एक नियम पाळला तरी बरेचसे अनर्थ टळतील.

आता महाविद्यालय कसे पारखावे? बहुतेक जण क्रमवारी आणि श्रेणी पाहतात. दोन्हींना अर्थ आहे, पण मर्यादित. राष्ट्रीय क्रमवारीचा आधार संस्थांनी स्वतः भरून दिलेली माहिती हा आहे, आणि काही गुण निव्वळ लौकिकाला दिले जातात. ‘नॅक’च्या श्रेणीबद्दल बोलायचे तर फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्या पाहणी समितीतील सदस्यांनाच लाचेच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. श्रेणी फलकावर पाहून थांबू नये, असाच याचा अर्थ. पण ज्या माहितीवरून क्रमवारी ठरते ती मात्र फार मोलाची आहे. सहभागी संस्थेला आपण भरलेला तपशील संकेतस्थळावर ठेवावा लागतो. त्यात पहिल्या वर्षी किती जागा होत्या, प्रत्यक्ष किती विद्यार्थी आले, त्यांतले किती जण ठरल्या मुदतीत उत्तीर्ण होऊन बाहेर पडले, किती जणांना नोकरी लागली, त्यांच्या पगाराचा मध्यांक काय आणि किती जण उच्चशिक्षणाला गेले, हे आकडे असतात. शिक्षकांची यादी, त्यांची पात्रता व रुजू झाल्याची तारीखही असते.

या कागदावरचे दोन आकडे एकमेकांशेजारी मांडावेत: पहिल्या वर्षी आलेले आणि मुदतीत पदवी घेतलेले. या दोहोंमधील अंतर म्हणजे ती सारी मुले, ज्यांची छायाचित्रे भिंतीवर लागत नाहीत. जाहिरातीतील सर्वोच्च पगार एका विद्यार्थ्याचा असतो. मध्यांक आपल्यासारख्याच्या जवळचा असतो. आणि अडखळलेल्यांची संख्या पहिल्या वर्षाची खरी कहाणी सांगते.

त्यानंतर प्रत्यक्ष भेटीत विचारावयाचे प्रश्न. ते पहिल्या वर्षापुरतेच असावेत, म्हणजे उत्तर टाळणे अवघड जाते.

पहिले म्हणजे, पहिल्या वर्षाला कोण शिकवते? अभियांत्रिकीसाठी तंत्रशिक्षण परिषदेने वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असे प्रमाण ठरवले आहे. २०२४-२५ पासून परिषदेने चांगल्या संस्थांसाठी एका शाखेतील प्रवेशसंख्येवरील कमाल मर्यादा उठवली, आणि बंगळूरुतील संगणकशास्त्राच्या जागा एकदम फुगल्या. हिशेब साधा आहे. एखाद्या महाविद्यालयाने संगणकशास्त्राला वर्षाला ६०० विद्यार्थी घेतले, तर चार वर्षांचे मिळून २,४०० होतात आणि त्यांना १२० पूर्णवेळ शिक्षक लागतात. ते आहेत का? त्यांतले किती जण गेल्या दोन वर्षांत आले, किती जण सोडून गेले? पहिल्या वर्षाचे गणित आणि भौतिकशास्त्र अनुभवी शिक्षक शिकवतात, की नुकतेच नेमलेले कंत्राटी शिक्षक? संस्थेच्या प्रामाणिकपणाची परीक्षा येथेच होते, कारण काटकसर करायची झाली की ती प्रथम पहिल्या वर्षावर होते.

दुसरे, उत्तरपत्रिका तपासून परत मिळते का? बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या सध्याच्या पद्धतीत निम्मे गुण सत्रभर चालणाऱ्या अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. हे निम्मे गुण शिक्षकाच्या हाती आहेत. ज्या महाविद्यालयात चुका लाल शाईने दाखवून उत्तरपत्रिका परत दिली जाते, तेथे विद्यार्थी शिकतो. जेथे केवळ गुण संकेतस्थळावर चढवले जातात, तेथे तो फक्त पुढे ढकलला जातो. हे कार्यालयात विचारून कळणार नाही. फाटकाबाहेर चहा पीत उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या तीन-चार मुलांना विचारावे. त्यांच्याकडे लपवण्यासारखे काही नसते.

तिसरे, ग्रंथालय किती वाजता बंद होते आणि त्यात बसायला जागा किती? वसतिगृहातील एका खोलीत तिघे-चौघे राहतात, तेव्हा अभ्यासाची खरी जागा ग्रंथालयच असते. ते पाच वाजता कुलूपबंद होत असेल, तर त्यातील पुस्तकांची संख्या ऐकण्यात अर्थ नाही.

चौथे, निवड चुकली तर परतीची वाट कोणती? पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते का, मागील वर्षी किती जणांना मिळाली, आणि प्रवेश रद्द केल्यास शुल्क कसे परत मिळते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेनुसार, प्रवेशाच्या अखेरच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस वा अधिक अवधी असताना नाव काढल्यास किरकोळ प्रक्रियाशुल्क वजा जाता सर्व पैसे परत मिळाले पाहिजेत. उशीर होईल तसतसे प्रमाण घटते आणि ती तारीख उलटून तीस दिवस झाल्यावर काहीच मिळत नाही. त्याच सूचनेने मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यासही मनाई केली आहे. तरीही ती ठेवून घेतल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे येतच राहिल्या. प्रमाणपत्रे दाखवावीत, साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद घरी आणावेत.

पाचवे, संपूर्ण खर्च किती? शुल्काच्या पावतीवरचा आकडा म्हणजे खर्च नव्हे. वसतिगृह, खाणावळ, प्रवास, लॅपटॉप, ‘इतर’ या सदराखालील वसुली हे सारे चार वर्षांसाठी मांडावे. महाराष्ट्र सरकारची २०२४-२५ पासूनची मुलींसाठीची शुल्कमाफी राज्यातील संस्थांत केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे; मुलगी बंगळूरुला गेली की तो आधार सुटतो. कर्नाटकात महिलांना असलेला मोफत बसप्रवासही त्या राज्याच्या रहिवाशांपुरता आहे. कर्ज घ्यावयाचे झाल्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना पाहावी. क्रमवारीवर आधारित यादीतील संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश घेणाऱ्यांना तीत तारणाशिवाय कर्ज मिळते, आणि वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत. आपली संस्था त्या यादीत नसेल आणि शुल्कासाठी जमीन गहाण ठेवावी लागणार असेल, तर गावाजवळचे चांगले सरकारी वा अनुदानित महाविद्यालय अधिक शहाणपणाचे ठरेल. पहिल्या वर्षी कर्जाचे ओझे मनावर घेऊन वर्गात बसलेला मुलगा अपयशाची भीती घेऊनच बसतो.

केवळ पदवी अभ्यासक्रमासाठी येणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे पदवीची लांबी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू करणारे कर्नाटक हे पहिले राज्य. तेथे २०२१-२२ पासून चार वर्षांची पदवी सुरू झाली. सरकार बदलले, ज्येष्ठ अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली राज्य शैक्षणिक धोरण आयोग नेमला गेला, आणि त्याच्या अंतरिम अहवालानंतर २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आली. त्याच वर्षी महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत चार वर्षांची रचना सुरू झाली. म्हणजे कोल्हापूरची विद्यार्थिनी आणि तिची बेळगावची मावसबहीण एकाच वर्षी बी.ए.ला बसल्या, तरी त्यांच्या पदव्यांचा आराखडा वेगळा. चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवणाऱ्याला आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार थेट पीएच.डी.ची दारे उघडतात. तीन वर्षांच्या पदवीनंतर आधी एम.ए. करावे लागते. तीन वर्षे की चार, या वादात दोन्ही बाजूंना बळ आहे. गरीब कुटुंबाला चौथ्या वर्षाचा खर्च जड जातो, हे आयोगाचे म्हणणे डावलता येत नाही. आक्षेप आहे तो दर सरकारबरोबर आराखडा बदलण्याला. अठरा वर्षांच्या मुलाला आपली पदवी कोणत्या नियमाने पुरी होणार, हे पहिल्या दिवशी कळले पाहिजे.

इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने एक शब्द मानव्यविद्यांबद्दल. भाषा, इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र यांना जाणारी मुले ‘दुसरे काही मिळाले नाही म्हणून’ गेली असे मानण्याची चाल पडली आहे. चांगले वाचणे, पुराव्याची छाननी करणे आणि नेमके लिहिणे या तीन गोष्टी ज्याला येतात, त्याला कार्यालयात, न्यायालयात, वृत्तपत्रात आणि प्रशासनात काम मिळत आले आहे. या विषयांसाठी बंगळूरुला येणे गैर नाही, मात्र तेव्हाही प्रश्न तोच: पहिल्या वर्षी वर्षभरात किती निबंध लिहून घेतात आणि ते कोण वाचते?

प्रवेश झाला की तयारीचा भाग सुरू होतो, आणि तो विद्यार्थ्याच्या हाती आहे. निकाल आणि वर्ग सुरू होणे यांत दीड-दोन महिने मोकळे जातात. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची बुद्धी कमी नसते, त्याला इंग्रजी व्याख्यानाचा वेग अपरिचित असतो, एवढेच. या महिन्यांत आपल्या विषयाचे एखादे इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावे, रोज एक पान इंग्रजीत लिहावे, आणि बारावीच्या गणिताची उजळणी करावी. पहिल्या सत्रात अनुत्तीर्ण होणारी मुले नव्या विषयांइतकीच जुन्या कच्च्या पायामुळेही अडतात. तांत्रिक विद्यापीठात ८५ टक्के उपस्थितीचा नियम आहे, हेही पहिल्या आठवड्यातच ध्यानात ठेवावे.

दुसरी तयारी कन्नडची. तांत्रिक विद्यापीठाने परभाषक विद्यार्थ्यांसाठी ‘बळके कन्नड’, म्हणजे व्यवहाराची कन्नड, असा एक छोटा विषय पहिल्या वर्षातच ठेवला आहे. अनेक विद्यार्थी तो एका श्रेयांकाचा उपचार म्हणून उरकतात. मराठी मुलाने तसे करू नये. वर्णमालेचा क्रम तोच आहे, लिपी पंधरवड्यात ओळखीची होते, आणि अण्णा, अक्का, तूप हे शब्द तर आपण कन्नडकडूनच घेतलेले आहेत. बसवाहकाशी, खाणावळीच्या मालकिणीशी, वसतिगृहाच्या रखवालदाराशी त्यांच्या भाषेत दोन वाक्ये बोलणारा विद्यार्थी शहरात परका राहत नाही. सीमावादाच्या बातम्या वाचून धास्तावलेल्या पालकांनाही हेच सांगणे आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे या शहराचा लाभ घेणे. बसवनगुडीच्या नॅशनल कॉलेजात १९६२ मध्ये सुरू झालेल्या बंगळूरु सायन्स फोरमची व्याख्याने सर्वांना खुली असतात. त्यामागची प्रेरणा असलेले एच. नरसिंहय्या खेड्यातून शिकायला येथे आले, भौतिकशास्त्राचे शिक्षक, प्राचार्य आणि पुढे बंगळूरु विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि तरीही महाविद्यालयाच्या वसतिगृहातील एका खोलीत राहिले. जवाहरलाल नेहरू तारांगणात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी भौतिकशास्त्राचे सुटीच्या दिवशीचे वर्ग चालतात. कब्बन पार्कमधील राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, बसवनगुडीचे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर, भारतीय विज्ञान संस्थेचा वर्षातून एकदा होणारा खुला दिवस, यांसाठी कोणत्याही कोट्यातून प्रवेश घ्यावा लागत नाही. साधारण महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने आठवड्यातील एक संध्याकाळ अशा ठिकाणी घालवली, तर त्याच्या शिक्षणाची उणीव बरीच भरून निघते. आपले महाविद्यालय आणि आपले शिक्षण या दोन गोष्टी एकच नाहीत, हे बंगळूरुइतके स्पष्ट क्वचितच एखाद्या शहरात कळते.

शेवटची तयारी पालकांची. घरापासून सहाशे किलोमीटरवर पहिल्यांदा एकटे राहणारे मूल पहिल्या सत्रात अडखळते, तेव्हा ते बहुधा घरी सांगत नाही. कारण घरच्यांनी किती पैसे भरले ते त्याला ठाऊक असते. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमले. कृतिदलाचे काम ते करील. घराचे काम घरानेच करावयाचे आहे. ‘एक विषय राहिला तरी चालेल, आम्हाला सांग’ हे वाक्य निरोप देतानाच बोलून ठेवावे. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरून घेतात तेव्हा त्यावरचा मजकूर वाचावा, समुपदेशकाचे नाव व वेळ पहिल्याच दिवशी विचारून घ्यावी. महिन्यातून एकदा गुणांखेरीज अन्य विषयांवरही फोन करावा.

पण सारा भार कुटुंबावर टाकून चालणार नाही. दर महाविद्यालयाला, दर अभ्यासक्रमाला पाच आकडे प्रवेशपत्रिकेच्या पहिल्या पानावर छापणे सरकारने बंधनकारक करावे: पहिल्या वर्षी आलेले विद्यार्थी, सर्व विषय सुटून दुसऱ्या वर्षात गेलेले विद्यार्थी, पूर्णवेळ शिक्षक, एका तुकडीतील संख्या आणि वसतिगृहासह संपूर्ण वार्षिक खर्च. माहिती संस्थांकडे आहेच. ती निरनिराळ्या संकेतस्थळांच्या कोपऱ्यांत विखुरलेली आहे. दुसरे, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी आपल्या प्रवेशफेऱ्यांच्या तारखा एकमेकांशी जुळवाव्यात आणि दोन्ही राज्यांतील पहिली फेरी पुरी होईपर्यंत कोणत्याही खासगी संस्थेने अनामत घेऊ नये, असे ठरवावे. पाण्याच्या आणि सीमेच्या प्रश्नांवर अडलेल्या या दोन राज्यांना एका वेळापत्रकावर सही करणे अशक्य नसावे. तिसरे, पदवीच्या आराखड्यात बदल करावयाचा असल्यास तो किमान एक वर्ष आधी जाहीर व्हावा.

या तिन्ही गोष्टींना नव्या इमारती लागत नाहीत, मोठा निधीही लागत नाही. प्रवेशाच्या हंगामापूर्वी दोन्ही राज्यांच्या उच्चशिक्षण सचिवांनी दोन दिवस एकत्र बसावे लागेल. तोवर पालकांनी आपली यादी घेऊन जावे, पहिल्या वर्षाबद्दल विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पुढच्या महाविद्यालयाचा पत्ता काढावा. बंगळूरुत ते दूर नसते.

(लेखक सेवानिवृत्त सनदी अधिकारी असून बंगळूरु येथे राहतात.)